पालथी कढई

सनूसीने कढईतला चिमूटभर कीस उचलून तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला आणि मान डोलावली.

"कचोरा छान उतरलाय आज."

जुलेहाचा उलथणं धरलेला हात जागीच थांबला. वाटलेला कचोरा, ते आल्यासारखं सुगंधी मूळ, अजून खलातच होता, ओल्या फडक्याखाली. कढईत नुसता नारळाचा कीस होता, मिरची, मीठ आणि थोडी साखर.

"हो का," ती म्हणाली. "बरं झालं."

तो कोळसा बांधायला अंगणात गेला तेव्हा तिने फडकं बाजूला केलं, कचोरा किसात घातला आणि मंद आचेवर पुन्हा परतायला घेतलं. ओल्या मातीसारखा, नाकात जरासा झोंबणारा वास उठला. स्वयंपाकघर भरून तो खिडकीतून अंगणात गेला. सनूसी तिथेच पाठमोरा उभा होता, पोत्याच्या तोंडाला सुतळी गुंडाळत. त्याने मागे वळून पाहिलं नाही. एके काळी हाच वास मशिदीच्या गल्लीतून त्याला घरी ओढून आणायचा आणि दारातूनच तो ओरडायचा, "लेहा, आच कमी कर, नारळ करपेल!"

साथीच्या तापाने त्याचं नाक नेलं होतं. ताप उतरला, खोकला गेला, पायांत बळ आलं, नाक मात्र परत आलं नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

तिला ते कळलं केमायोरानच्या जत्रेत. सनूसी तिथे त्याच्या बापापासूनच्या जागेवर केराक तेलोर करायला बसायचा. चिकट तांदूळ, त्यावर बदकाचं अंडं, सुका जवळा, तळलेला कांदा आणि परतलेला नारळ. तेलाचा थेंब नाही, म्हणून सगळं कढईला घट्ट धरून बसतं. मग ती कढईच निखाऱ्यांवर पालथी घालायची. वरचा भाग निखाऱ्यांकडे, तळ आभाळाकडे. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. भाताचा वास, मग अंड्याचा, मग खमंग नारळाचा, आणि त्यानंतर एक अगदी छोटा क्षण असा येतो की सगळे वास एकमेकांत मिसळून गोड होतात. तेव्हा कढई सुलटी करायची. उशीर झाला की करपट, घाई केली की लिबलिबीत. गेल्या वर्षी जत्रेच्या पहिल्याच संध्याकाळी त्याचे ओळीने तीन करपले. गिऱ्हाइकं शेजारच्या शेगडीकडे वळली. घरी आल्यावर तो म्हणाला, कोळसा ओला होता.

दुसऱ्या दिवशी जुलेहा बसायला बुटकं स्टूल घेऊन त्याच्याबरोबर निघाली. "घरी करमत नाही," एवढंच म्हणाली. वारा जिकडे वाहत होता तिकडे स्टूल टाकून ती तसबीचे मणी ओढत बसली. तो गोड वास आला तसे तिचे ओठ हलले. "अल्हम्दुलिल्लाह." फार मोठ्याने नाही, शेजारच्या माणसाला ऐकू जाईल इतकंच. सनूसीचा पंखा थांबला. त्याने कढई सुलटी केली.

त्यानंतर जत्रा संपेपर्यंत एकही करपला नाही. याबद्दल दोघं कधी बोलली नाहीत.

तिच्या मनाला मात्र ते लागून राहिलं होतं. देवाचं नाव घंटेसारखं वाजवायचं, हे बरं नव्हे. त्या जत्रेतल्या एका रात्री नमाज झाल्यावर तिने माफी मागितली आणि तशीच बसून राहिली. मग तिच्या मनात आलं, कच्चं राहिलं नाही, करपलं नाही, कुणाच्या तरी तोंडी बरा घास गेला, ही काय आभार न मानण्याजोगी गोष्ट आहे? दुसऱ्या दिवसापासून ती 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणायची तेव्हा खरोखर आभार मानायची. एकदाही चुकवायची नाही. मग तिचं मन निवलं.

"झालं का?" सनूसी दारात येऊन उभा राहिला. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर घडी घातलेली लुंगी, डोक्यावर काळी टोपी. लग्नकार्याला जाताना घालायचा तोच पोशाख.

"डबा भरते. तुम्ही अंडी नीट ठेवा. टोपलीत भुसा घातलाय."

तो हलला नाही. टोपी काढली, आत फुंकर मारली, पुन्हा घातली.

"तुझा रोजा आहे," तो म्हणाला. "गुरुवार आज. धुरात बसशील का एवढा वेळ?"

सोमवारी आणि गुरुवारी ती रोजा धरायची. त्यांची मुलगी फातोना लहानपणी मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हापासून. आता फातोना बकासीला कुरिअर कंपनीत हिशेब बघते, घरचा केराक तेलोर आवडीने खाते, पण शेगडीपाशी बसायचं म्हटलं की केसांना वास लागतो म्हणते.

"रोजा पोटाचा आहे, आबांग," जुलेहा म्हणाली. "नाकाचा नाही."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. सनूसी टोपलीत अंडी लावायला वाकला.

तळ्याकाठच्या मंडपात आज त्याची पारख होणार होती. पारख असं कुणी म्हणत नव्हतं. जुने पदार्थ शिकवणाऱ्या मंडळाचे हाजी मुख्तार आदराने म्हणाले होते, "बाबे, नुसतं येऊन शिकाऊंना करून दाखवा." पण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मंडळाला केराक तेलोर शिकवायला एकच माणूस नेमायचा होता आणि त्यांच्यापुढे नावं दोन होती. एक सनूसी. दुसरा त्याच्याच वयाचा जैलानी, जो आता गॅसवर कढई ठेवायचा आणि वरून ज्वाळेची बंदूक मारायचा. "पालथी घालायची कटकटच नको," असं तो अभिमानाने सांगायचा. वर्ग त्याच्याकडे गेला तर कढई पालथी घालणारं या भागात सनूसीनंतर कुणी राहणार नव्हतं. सहरीच्या वेळी, बाहेर अंधार असतानाच, तो जुलेहाला म्हणाला होता, "माझ्याबरोबर ही शेगडी गेली तर बापाला काय तोंड दाखवू?"

मंडपापुढे आठ-दहा शिकाऊ अर्धगोल करून बसले होते. हिरवं जाकीट घातलेला ओजाक, जो मोटारसायकलवरून माणसं पोचवायचा. लग्नाच्या जेवणाची कामं घेणारी मुमून, ऐसपैस बसलेली. कडेला सोपिया, शाळेच्या दारात खाऊ विकणारी. तिने बसायला चटईचा कोपराच घेतला होता. मागे खांबाला टेकून जैलानी उभा होता, हाताची घडी घालून.

"काय रे सनूसी, नवरदेव होऊन आलास! वरात कुठाय?"

"वरात तू. ढोल कुठाय?"

लोक हसले. सनूसीही हसला. पण शेगडी मांडताना तो मान वर करून जुलेहा कुठे बसते ते बघत होता.

तिने स्टूल उचललं होतं. वारा तळ्यावरून येत होता, म्हणजे तिला शेगडीच्या पलीकडे, खांबाजवळ बसायला हवं होतं. ती तिकडे वळली तोच हाजी मुख्तारांनी दोन्ही हात जोडल्यासारखे पुढे केले.

"न्याक, तिकडे कुठे? रोजा ना तुमचा? धुरात बसवलं तर मलाच पाप लागेल. इकडे या, ओटीवर, सावलीत. आमची मंडळी तुमचीच वाट बघतेय."

"मला सवय आहे हो."

"सवय घरी. इथे तुम्ही पाहुण्या."

हाजींच्या बायकोने तिचा हात धरला आणि शेजारी बसवलं. ओटी तळ्याच्या बाजूला होती. वारा तिच्या पाठीवर येत होता आणि मंडपाकडे जात होता. तिला पाण्याचा वास येत होता, शेवाळाचा, हाजींच्या बायकोच्या अत्तराचा. शेगडीवरचं काहीही येत नव्हतं.

सनूसीने निखारे फुलवले. भिजवलेले तांदूळ मूठभर कढईत टाकले, वर थोडं पाणी, झाकण. त्याचा हात जराही चुकत नव्हता. अंडं फोडलं, नारळ, जवळा, कांदा, मीठ, मिरपूड घालून पळीच्या पाठीने सगळं कढईभर पातळ पसरलं. त्याच्या हातांना सगळं पाठ होतं. हाजींची बायको जुलेहाच्या कानाशी आपल्या नव्या सुनेबद्दल सांगत होती. जुलेहा मान हलवत होती. तिचं एक बोट तसबीच्या एकाच मण्यावर थांबलं होतं.

सनूसीने कढई कान धरून उचलली आणि निखाऱ्यांवर पालथी घातली.

"आई गं," मुमून म्हणाली. "पडलं कसं नाही?"

"तेल नाही घातलं. तेल घातलं असतं तर पडलं असतं."

"किती मिनिटं ठेवायची, बाबे?" ओजाकने मोबाईल काढला होता.

सनूसी पंखा हलवत राहिला. त्याने ओटीकडे पाहिलं.

जुलेहाने श्वास ओढला. पाणी, शेवाळ, अत्तर. तिने पुन्हा ओढला, छाती भरेपर्यंत. काही नाही. एवढ्यात व्हायला हवं का? निखारे किती लाल आहेत ते इथून दिसत नव्हतं. तिने तोंड उघडलं. म्हणून टाकावं. साधारण वेळ झालीच असेल. पण ओठांवर आलेलं नाव तिथेच राहिलं. अंदाजाने आभार कसे मानायचे? तिने तळहात मांडीवर उताणे ठेवले आणि त्याच्याकडे बघत हलकेच मान हलवली. नाही.

तिला वाटलं, आता तो कढई उचलेल. घाबरून उचलेल आणि ती लिबलिबीत निघेल. किंवा उचलणारच नाही.

सनूसीने पंखा खाली ठेवला.

"पुढे या सगळे," तो म्हणाला. "इकडे, धुराच्या अंगाला. मोबाईल खिशात. डोळे मिटा."

"डोळे मिटून शिकायचं?" मागून जैलानी म्हणाला. "झोपा काढायच्या का?"

"तूही ये. तुझं नाक गॅसने बिघडलंय, जरा धुऊन निघेल."

हशा पिकला. शिकाऊ सरकत सरकत पुढे आले. जैलानीही खांब सोडून दोन पावलं पुढे आला, पण डोळे त्याने उघडेच ठेवले.

"आणि तुम्ही काय करणार, बाबे?" ओजाकने विचारलं.

"मी तुमची नाकं तपासणार. बोला, कशाचा वास येतोय?"

"धुराचा," ओजाक म्हणाला.

"धूर तर असणारच. धुराच्या मागे काय आहे?"

"भात," मुमून म्हणाली. "नाही, अंडं. अंड्याचा येतोय."

"हं. पुढे."

"झालं बाबे!" ओजाक एकदम ओरडला. "खमंग आला! काढा काढा!"

सनूसीचा हात कढईच्या कानाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. जुलेहाला तो हात दिसत होता.

"अरे, तुझ्या नाकात दिवसभराचं पेट्रोल बसलंय," मुमून म्हणाली. "कुठला खमंग? मला तर अजून कच्चा येतोय. की नाही? येतोय बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय ग मावशी?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक."

सनूसी आळीपाळीने सगळ्यांचे चेहरे बघत होता. कडेला सोपिया बसली होती, डोळे घट्ट मिटून, ओठ किंचित उघडे. ती एक शब्दही बोलली नव्हती. तिची नाकपुडी हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती.

"तू बोल," तो म्हणाला. "कडेला बसलेली. काय नाव तुझं?"

"सोपिया." तिने डोळे उघडले नाहीत. "अजून भांड्याच्या तळाला लागलेल्या भातासारखा येतोय, बाबे. नारळ आलाय, पण वेगळा वेगळा."

"बरं. मग?"

"थांबा."

ओजाक काही म्हणणार होता, मुमूनने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. सनूसीच्या कानामागून घामाची धार सदऱ्यात उतरली. त्याने आता ओटीकडे पाहिलं नाही. तो त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत होता. वीस-एक वर्षं शाळेच्या दारात उभं राहून उन्हाने रापलेल्या त्या चेहऱ्यावर त्याने आपलं सगळं ठेवून दिलं होतं.

"गोड झाला," सोपिया म्हणाली. अगदी हळू. "आत्ता. आत्ता, बाबे."

त्याने कढई सुलटी केली.

कडा तपकिरी, मध्ये सोनेरी, कुठेकुठे काळसर ठिपके. पळीने त्याने कड सोडवली तेव्हा ती कुरकुरीत मोडल्याचा आवाज ओटीपर्यंत आला. हाजी मुख्तार "माशाअल्लाह" म्हणाले. मुमूनने सोपियाच्या पाठीत प्रेमाने धपका घातला.

"एवढं नाक घेऊन बसलीस आणि मेली बोलत नव्हतीस!"

जैलानीने वाकून एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. चावत तो सनूसीकडे बघत राहिला.

"तू काही बोलला नाहीस," तो म्हणाला. "कधी काढायचं ते."

"मी बोललो असतो तर ही कशाला बोलली असती?"

जैलानीने बोटं चाटली. "हिला माझ्याकडे पाठव. बंदूक चालवायला शिकवतो."

"तूच ये गुरुवारी. पंखा मारायला माणूस हवाच आहे."

यावर हाजी मुख्तार सगळ्यांदेखत म्हणाले, मग ठरलं, दर गुरुवारी. आणि मग कढयांमागून कढया पालथ्या पडत गेल्या. ओजाकने एक करपवली, एक कच्ची काढली. मुमूनची तिसरी चांगली निघाली. सनूसी प्रत्येकाच्या मागे जाऊन उभा राहायचा आणि विचारायचा, काय येतंय, पुढे काय, नीट सांग. त्याचा आवाज मोठा झाला होता. त्याने टोपी काढून कमरेला खोचली होती.

जुलेहा ओटीवर बसून होती. पहिली कढई सुलटी झाली तेव्हाच तिने आभार मानले होते, मनातल्या मनात, आणि ते सगळ्यात उशिरा पोचल्यासारखे तिला वाटले. ती समाधानी होती. तरी छातीत कुठेतरी एक जागा रिकामी झाली होती, आणि तिथे काय ठेवायचं ते तिला सुचत नव्हतं. तिच्यावाचून झालं होतं. त्याचं कुणावाचून अडू नये, हेच तर तिने नमाजात मागितलं होतं ना, वर्षभर?

"तुमचे यजमान काय छान शिकवतात हो," हाजींची बायको म्हणाली. "मिनिटं नाहीत, माप नाही. असं कुणी शिकवत नाही."

"हो," जुलेहा म्हणाली. "त्यांनाही आजच कळलं असेल."

परत जाताना त्यांना बजाज रिक्षा मिळाली. शेगडी दोघांच्या पायांमध्ये, टोपली जुलेहाच्या मांडीवर, मध्ये कोळशाचं पोतं. सोपियाने निघताना आपल्या हातचा एक केराक तेलोर कागदात बांधून दिला होता. रस्ता तुंबलेला होता. मगरीबची अजान एका मशिदीतून सुरू झाली, मग दुसरीतून, आणि बजाजच्या पत्र्याच्या डब्यात सगळे आवाज घुमू लागले. जुलेहाने पिशवीतून खजूर काढला, ओठांत दुआ पुटपुटली, रोजा सोडला. पाणी प्यायली. मग तिने कागद उघडून एक तुकडा मोडला आणि त्याला दिला.

सनूसीने तो हातातच धरला.

"आज तू बोलली नाहीस," तो म्हणाला. समोर, ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत.

तिचा घास तोंडातच राहिला. तिने तो सावकाश गिळला.

"वारा उलटा होता."

"अंदाजाने बोलायचंस."

"अंदाजाने नाही बोलवत मला."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. बजाज दोन हात पुढे गेली आणि पुन्हा थांबली. बाजूने मोटारसायकली फटीफटीतून सुटत होत्या. कडेला एक बाई गाडीवर काहीतरी तळत होती आणि तिच्या कढईवरची वाफ दिव्याच्या उजेडात वर चढत होती. सनूसी त्या वाफेकडे बघत होता.

"तिथे काय आहे?" त्याने विचारलं.

"कुठे?"

"तिथे. वास कसला येतोय?"

जुलेहाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. हातातला तुकडा त्याने कागदात परत ठेवला होता, अगदी जपून, कडा मोडू नये म्हणून.

"केळी," ती म्हणाली. "तळलेली. तेल जुनं आहे, पण केळी गोड आहेत. फार पिकलेली."

"हं."

"पुढच्या माणसाची लवंगेची सिगारेट. आणि गटार."

"गटार राहू दे."

"मग निवडून सांगू का?"

त्याने कागदाची घडी मिटली.

"नको," तो म्हणाला. "सगळंच सांग."

सिग्नल सुटला. बजाजने मोठा आवाज करत धक्का दिला. जुलेहाने मधलं कोळशाचं पोतं ओढून आपल्या पलीकडे घेतलं, त्याच्या कानापाशी सरकली, आणि वळणावर भिजलेल्या झाडांचा वास आला तिथून सांगायला सुरुवात केली.